चौदा ऑक्टोबर, मोकळा दिवस

फ्रीमँटल, ऑस्ट्रेलिया
१२ जून १९८७

प्रिय एर्सी,

आधी खाली बस आणि मग वाच. तुझा भाऊ इटलीला येतोय. हो, मीच, दोनातो. बत्तीस वर्षांनी. हसू नकोस, तिकीट खरंच काढलंय.

इथल्या आपल्या लोकांच्या क्लबने सहल काढलीय. बारा दिवस, एक बस आणि बेचाळीस म्हातारे. व्हेनिस, फ्लॉरेन्स, नेपल्स आणि शेवटी रोमहून विमान. नोरीन गेले दोन महिने गळ्यात कॅमेरा अडकवून स्वयंपाक करतेय. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण बिचारीने अजून इटली पाहिलेली नाही. मी आहे ना इटलीचा, मलाच बघ, असं म्हणून मी आजवर वेळ मारून नेत आलो.

सहलीच्या कागदावर रोज काय काय बघायचं ते छापलंय. फक्त एका दिवसापुढे काहीच नाही. "१४ ऑक्टोबर, बुधवार. नेपल्स. मोकळा दिवस." एवढंच. नोरीन म्हणते, आपण बोटीने काप्री बेटावर जाऊ. क्लबातले निम्मे तिकडेच निघालेत. मी अजून हो म्हटलेलं नाही.

नेपल्सहून आपल्या गावाला बस अजून जाते का गं? किती वेळ लागतो? नुसतं विचारतोय हं, ठरलेलं काही नाही. जेरार्दोच्या बारमध्ये फोन केला असता, पण तूच म्हणाली होतीस की तू तिथे फोनवर बोललीस की संध्याकाळी अख्खं गाव तुला उत्तरं द्यायला लागतं. म्हणून पत्र.

तुझा,
दोनातो


पिएत्रास्कूरा
३० जून

दोना,

नुसतं विचारतोय म्हणे! लहानपणी अंजिराच्या झाडाखाली उभा राहून तू असंच नुसतं विचारायचास, "पिकली का गं?" आणि मग मीच वर चढायचे.

बस जाते. नेपल्सहून सकाळी सातला सुटते, सव्वादहाला आपल्या चौकात. अडीचला इथून परत. दुसरी इथून पहाटे पाचला निघते आणि दुपारी साडेतीनला नेपल्सहून उलटी फिरते. बाकी तुझ्या वेळचं फारसं काही उरलेलं नाही. तरणी पोरं उत्तरेला गेली. आमच्या गल्लीत मी, अस्सुन्ता आणि तिची शेळी.

आता नीट वाच. दफनभूमीच्या फाटकावर पालिकेने नोटीस लावलीय. आईच्या रांगेचा नंबर लागला. तेरा वर्षं झाली, त्यांना जमीन परत हवी आहे. तिकडे राहून विसरला असशील म्हणून सांगते. कबर उघडतात, हाडं वर काढतात, ती पुसून लहान पेटीत ठेवायची आणि पेटी भिंतीतल्या कोनाड्यात, बाबांच्या शेजारी. पुसायचं काम घरच्यांचं. परक्याने आईला हात लावायचा नाही.

नुन्त्सिओने तारीख विचारली. तुझ्या वर्गातला तोच नुन्त्सिओ, हल्ली कबरी तोच खणतो. मी चौदा ऑक्टोबर सांगून टाकली. तुझं पत्र त्याच सकाळी आलं होतं.

आई खाली गेली तेव्हा तू नव्हतास. वर येईल तेव्हा तरी ये. आणि मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती पत्रात लिहिण्यासारखी नाही. तिच्यासमोर सांगायची आहे.

एर्सिलिया


फ्रीमँटल
२ ऑगस्ट

प्रिय एर्सी,

तुझं पत्र खिशात घेऊन तीन आठवडे कामावर जातोय. विटा रचता रचता काढतो, वाचतो, परत ठेवतो. त्याला सिमेंट लागलंय.

खरं सांगू? मला भीती वाटते. मेलेल्याची नाही, इतकी माणसं पाहिली. मला आईची भीती वाटते. त्या नाताळात तू लिहिलं होतंस की तिची छाती भरलीय, खोकला जात नाही. मी काय उत्तर दिलं ते तुझ्याकडे असेल. "हातातलं काम उरकलं की ईस्टरला येतो." आणि फेब्रुवारीत तुझी तार आली, आई गेली, दफन झालं. माझ्या हातात थापी होती. मी ती खाली ठेवली आणि तिथेच विटांवर बसलो. मुकादम म्हणाला, घरी जा. मी म्हटलं, कुठल्या?

तेरा वर्षं हेच चाललंय माझं. नाताळातच निघालो असतो तर? आता तिच्यासमोर जाऊन काय सांगू? की काम उरकलं, आलो?

तुला मला काय सांगायचंय ते मी ओळखतो. बोल खुशाल, मी ऐकून घेईन. पण पत्रातच झाड की गं. नोरीनला काही बोललेलो नाही. ती बोटीचं वेळापत्रक पाठ करतेय. माझा गुडघाही हल्ली दगा देतो, आपल्या चौकाच्या पायऱ्या आठवतात ना? रागावू नकोस.

दोनातो


पिएत्रास्कूरा
२७ ऑगस्ट

दोना,

गुडघ्याचं मला सांगू नकोस. मी साठीची, रोज दोनदा त्याच पायऱ्या चढते, हातात पाण्याची बादली असते.

तू काही ओळखलेलं नाहीस. मला तुला झाडायचं नाही. कधीच नव्हतं. ते पत्रात लिहिता आलं असतं तर तेरा वर्षांत लिहिलं नसतं का? किती पत्रं पाठवली तुला, मोज. प्रत्येकात कोंबड्या आणि पाऊस.

हाडं पुसायचा कपडा धुऊन इस्त्री करून ठेवलाय. आईनेच विणलेला, तिच्या लग्नाच्या पेटीतला. दोन तुकडे केलेत, एक तुझ्यासाठी. अस्सुन्ता विचारत होती, भाऊ येणार का खरंच? मी म्हटलं, येणार. आता मला तोंडघशी पाडू नकोस. तिसऱ्यांदा मी म्हणणार नाही.

एर्सिलिया


फ्रीमँटल
२० सप्टेंबर

प्रिय एर्सी,

दोन आठवड्यांनी निघतोय. काप्रीच ठरलं. शब्द कसे लिहावेत कळत नाही, म्हणून एकदम लिहून टाकतो. नोरीनसाठी करतोय असं म्हणणार होतो, पण ते खोटं. तिला सगळं सांगितलं तर तीच म्हणाली, "वेड्या, गावाला जा, बेट कुठे पळून जातंय?" मीच नको म्हटलं. माझ्याच्याने होणार नाही. तो कपडा माझ्या हाती देऊ नकोस. तू बारा वर्षं तिचं केलंस, हेही तूच कर. तुझ्या हातांची तिला सवय आहे.

नेपल्सला आम्ही स्टेशनजवळच्या 'त्रे पाल्मे' हॉटेलात उतरणार. तुला शिव्या द्यायच्या असतील तर तिथे पत्र टाक, उचलून घेईन.

तुझा भित्रा भाऊ,
दोनातो


हॉटेल त्रे पाल्मे, नेपल्स
१४ ऑक्टोबर, दुपार

दोना,

बघ, शेवटी मीच झाडावर चढले.

काल नुन्त्सिओला म्हटलं, आठवडाभर थांब, उद्या नको. तो कुरकुरला, दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस, त्याआधी रांग मोकळी करायची आहे म्हणाला. पण मला आज घरी बसवेना. तू तीन तासांवर असणार आणि मी खिडकीतून दफनभूमीची भिंत बघत बसणार? पहाटेची बस धरली. साडेआठला इथे आले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, ऑस्ट्रेलियाची मंडळी सकाळीच बोटीवर गेली. तुझं नाव घेऊन विचारलं तर म्हणाला, ते साहेब तर सगळ्यांच्या आधी बाहेर पडले. काप्रीची इतकी घाई रे तुला?

सकाळपासून दिवाणखान्यात बसलेय. दुखवट्याचे काळे कपडे बघून येणारे जाणारे बाजूला होतात. बोटी सहाला परततात म्हणे. थांबले तर भेटशील, मला कळतंय. माझी बस साडेतीनची. रात्री इथे कोपऱ्यात खुर्चीवरसुद्धा बसले असते. पण सकाळी बसमधून उतरले तेव्हा जी हिंमत होती ती दुपारपर्यंत संपली. म्हणून लिहिते आणि पळते. भित्रे आपण दोघंही, तुला एकट्यालाच का म्हणू?

ऐक. आईला फेब्रुवारीत डॉक्टरने बघितलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाला, आठवडा काढेल, मुलाला कळवा. मी त्याच दुपारी पोस्टात गेले. फॉर्म भरला. "आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ." खिडकीशी माझा नंबर आला आणि मी रांगेतून बाजूला झाले. फॉर्म घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवला. चार दिवस तो तिथेच होता.

का ते विचारशील. बारा वर्षं मी तिला उचललं, धुतलं, भरवलं. माझं लग्न मोडलं ते तिला एकटी कशी सोडू म्हणूनच, हे तुला कधी सांगितलंय? आणि ती शुद्धीवर आली की दाराकडे बघायची. कोणाची चाहूल लागली की, "दोना का?" शेजारची मांजर आली तरी, "दोना का?" मी पलंगाशीच बसलेली असायचे रे. माझ्याकडे एकदा बघितलं असतं! मला वाटलं, तो आला तर शेवटचे दिवसही त्याचेच होतील. एवढे चार दिवस तरी माझे असू देत.

तिला मी सांगत होते, तार केलीय, निघालाय, पोचतोच. तिचा विश्वास होता. चौथ्या संध्याकाळी गेली. डोळे दाराकडेच होते. मला काय मिळालं त्या चार दिवसांत? काही नाही. तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुरलं आणि मग मी पोस्टात जाऊन दुसरा फॉर्म भरला. तू आला असतास, दोना. वेळेवर पोचला असतास. तुझी चूक नव्हती. हे मला आईच्या हाडांसमोर तुला सांगायचं होतं, म्हणजे तिलाही ऐकू गेलं असतं.

बसची वेळ झाली. तुझ्या बायकोला माझे आशीर्वाद. काप्री छान होतं ना?

एर्सिलिया


रोम, विमानतळाजवळचं हॉटेल
१५ ऑक्टोबर

एर्सी,

मी काप्रीला गेलो नव्हतो.

फ्लॉरेन्सला एका चर्चमध्ये बाकीचे वर छताकडे बघत होते आणि मी खाली. जमिनीत कोणाकोणाच्या कबरी, त्यांच्यावरून माणसं चालतायत. तिथेच ठरवलं, जायचं. बाहेर दुकानात पोस्टकार्डं होती. तिथेच उभं राहून तुला लिहिलं, पेटीत टाकलं. सहा दिवस हातात होते. वाटलं, देशातल्या देशात, तीन दिवसांत पोचेल.

सातची बस धरली. नोरीनला बोटीवर पाठवलं. बोगद्याच्या अलीकडे समोरून निळी बस आली, रस्ता अरुंद, आमचा ड्रायव्हर बस मागे घेऊन थांबला. समोरच्या बसच्या खिडकीत काळा रुमाल बांधलेली एक बाई डोळे मिटून बसलेली दिसली. मी मनात म्हटलं, अगदी आपल्याकडच्या बाईसारखी दिसते. एर्सी, ती तू होतीस का? बत्तीस वर्षांनी मी तुला ओळखलं नाही.

तुझं दार बंद. टकटक करून हात दुखला. अस्सुन्ता शेळी घेऊन आली, म्हणाली, पहाटेच्या बसने गेली, कुठे ते सांगितलं नाही, डॉक्टरकडे असेल. मला वाटलं, तू रागाने मुद्दाम गेलीस. कार्ड मिळूनही गेलीस. पायरीवर बसून रडलो मी, अस्सुन्ताला विचार. मग तिने भाकरी आणि चीज दिलं आणि म्हणाली, जायचं असेल तर जा वर, नुन्त्सिओ तिथेच आहे.

नुन्त्सिओने मला लगेच ओळखलं. "तुझी बहीण नको म्हणून गेलीय," म्हणाला. मी म्हटलं, मी मुलगा आहे, आज तारीख आहे, आता मी परत कधी येणार? त्याने फावडं उचललं. इस्त्रीचा कपडा तुझ्या घरात कुलपात होता. मी माझा शर्ट काढला, त्याची बाही फाडली.

सगळं लिहीत नाही. एवढंच, की डाव्या हाताच्या हाडावर गाठ होती. ती ऑलिव्हच्या झाडाखाली शिडीवरून पडली होती ना, मी सहा वर्षांचा असताना? हाड वाकडं जुळलं होतं. तोवर मी नुसता हात चालवत होतो. ती गाठ बोटांना लागली आणि मला कळलं, ही आईच. मग मला बोलता आलं. मोठ्याने बोललो. म्हटलं, आई, मला उशीर झाला, काम काम करत बसलो, मला माफ कर. तीनतीनदा म्हटलं. नुन्त्सिओ टोपी काढून दुसरीकडे बघत उभा होता. पेटी आम्ही दोघांनी उचलली. किती हलकी होती गं.

अडीचच्या बसमध्ये बसलो तेव्हा तेरा वर्षांत पहिल्यांदा छाती मोकळी वाटली. शर्टाला एक बाही नाही, नखांत माती, आणि मी चक्क गुणगुणत होतो. वाटेत परत ती निळी बस समोरून आली. या वेळी मी डोळे मिटून बसलो होतो.

हॉटेलात शिरलो तर काउंटरवरच्या माणसाने तुझं पाकीट दिलं. म्हणाला, एक बाई सकाळपासून बसून होत्या.

एर्सी, मी जी माफी मागितली ती कोणाच्या गुन्ह्याची? तुझ्या. माझ्या तोंडून तुझी माफी मागून झाली आणि मला ती मिळालीसुद्धा असं वाटलं होतं. आता त्या माफीचं मी काय करू? ती माझी नाहीच. आणि आई गेली ते काय समजून गेली? दोना निघालाय, पण पाय ओढत येतोय. तू तिला खोटं सांगितलंस आणि मला खोटं सांगितलंस आणि मधे चार दिवस खिशात घालून फिरलीस. नोरीन म्हणते, तिला एक ओळ तरी प्रेमाची लिही. मला सापडत नाही. प्रयत्न केला.

विमान दोन तासांनी आहे. पत्र लिहू नकोस असं म्हणत नाही. उत्तराची वाट बघू नकोस.

दोनातो


पिएत्रास्कूरा
७ नोव्हेंबर

दोना,

वाट बघणार नाही. तरी लिहिते.

मृतांच्या दिवशी कोनाड्याशी दिवा लावला. तू पेटी नीट बसवलीयस, बाबांच्या पेटीला अगदी चिकटून. नुन्त्सिओने मला शर्टाची बाही आणून दिली. धुतली. माझे इस्त्री केलेले दोन तुकडे तसेच आहेत. तिला शेवटचा हात तुझाच लागला. बारा वर्षं मी, आणि शेवटी तू. मी हे कुरकुर म्हणून लिहीत नाही. तिला हेच हवं होतं, ते तिला मिळालं, आणि मी आड यायला तिथे नव्हते हे बरंच झालं.

हो, त्या बसमध्ये मीच होते. खिडकीशी, काळा रुमाल. डोळे मिटून तुला काय काय कसं सांगायचं ते घोकत होते. जाताना एकदा, येताना एकदा.

आता कार्डाचं. ते आज आलं. नदीवरच्या पुलाचं चित्र आहे. मी पोस्टमन रोक्कोवर ओरडले, महिना लावलास म्हणून. तो म्हणाला, "एर्सिलिया, चित्राचं कार्ड म्हणजे चार शब्दांचं, कमी तिकिटाचं. सगळ्या टपालाच्या शेवटी निघतं, पोचलं तर पोचलं. त्यावर कामाचं कोणी लिहितं का?" खरं आहे त्याचं. इथलं पोरसुद्धा चित्राच्या कार्डावर "खूप आठवण, मजेत आहोत" याच्यापुढे लिहीत नाही. तू बत्तीस वर्षं तिकडे राहिलास, तुला कोण सांगणार?

रोक्कोला मी अजून दोन शब्द बोलणार होते. पण मी तुझा निरोप चार दिवस खिशात ठेवला, टपालाने तुझा चार आठवडे ठेवला. मी कोणत्या तोंडाने बोलू?

तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच आहे. तुला आठवत नसेल म्हणून उतरवून देते. "एर्सी, काप्री राहू दे. चौदाला सातच्या बसने येतोय. दाराशी थांब."

वाचलं, आणि स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून बाहेर ठेवली. थंडी पडायला लागलीय. अस्सुन्ता दोनदा येऊन गेली, आत जा म्हणते. इथून चौकातली बस दिसते. सव्वादहाची आली तेव्हा बघितलं. एक बाई उतरली आणि पावाच्या पिशव्या. आईला दाराकडे बघताना काय होत असेल ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं.

उद्याही सव्वादहाला खुर्ची बाहेर असेल.

एर्सी